पणजोबांच्या आधी कोण? वंशावळ शोधणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वंशावळीविषयी प्रश्न पाठवायचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक जणांची मागणी एकच आहे: 'आमच्या घराण्याचा इतिहास कुठे मिळेल?' असा तयार इतिहास कुठल्याच कचेरीत नसतो. एक माणूस धरायचा. त्याचे गाव, बाप, बायको आणि मृत्यू कागदावर पक्के करायचे आणि मगच एक पिढी मागे जायचे. खालच्या उत्तरांचा रोख तोच आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

पणजोबांचे नाव रामजी आणि गाव पाटण तालुक्यातले, एवढेच ठाऊक आहे. आजोबा गिरणीत कामाला मुंबईला आले आणि गाव सुटले. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, डोंबिवली

आजोबांपासून करा. पाटण तालुक्यात रामजी ढिगाने सापडतील, पण 'मुंबईला गेलेला, अमक्या सालाच्या आसपास जन्मलेला रामजीचा मुलगा' एखादाच सापडेल. तो हाती लागला की रामजी आपोआप ओळखू येतील.

आधी घर धुंडाळा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीतल्या फंडाचे कागद, चाळीची भाडेपावती, जुने रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला बघा. लग्नपत्रिका तर जरूर शोधा. तिच्यात मूळ गाव 'मु. पो.'सकट असते आणि निमंत्रकांत चुलत घराण्यांची नावे सापडतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'आपला वंश काय?' असे विचारू नका. 'आजोबांना सुतक कुणाकुणाचे यायचे?' असे विचारा. सुतक भावकीलाच लागते, त्यामुळे उत्तरात भावकीची यादी मिळते.

मग गाव नक्की करा. पाटणसारख्या डोंगरी तालुक्यात लोक वाडीचे नाव गाव म्हणून सांगतात, पण दप्तर असते महसुली गावाचे. वाडी कोणत्या महसुली गावात मोडते ते तलाठ्याकडे कळेल. गाव कोयनेच्या जलाशयात गेले असेल तर त्याच नावाची वसाहत सांगली, सोलापूर, रायगड किंवा ठाण्याकडे असू शकते. भावकी तिकडे भेटेल, पण जुने कागद मूळ तालुक्याच्या नावाने मागायचे.

यानंतर तीन वह्या बघायच्या.

पहिली गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. ती तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. जन्माची वर्दी बारशाआधीच दिली जायची, म्हणून नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. 'मुलगा' एवढाच शब्द आणि बापाचे नाव असते. आजोबांचे नाव शोधत बसलात तर पान हातातून निसटेल. बापाच्या नावावर बोट ठेवून वाचा.

दुसरी वही गावच्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांकडे निर्गम उतारा मागा. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, जात आणि शाळा सोडल्याचे कारण असते. जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी मानू नका. शाळा जूनमध्ये उघडते आणि तारीख माहीत नसलेल्या पोरांना गुरुजी सर्रास १ जून लावत. साल दोन-तीन वर्षे इकडेतिकडे धरा.

तिसरी आणि सगळ्यांत मोलाची वही म्हणजे फेरफार, जमिनीच्या हक्कातले बदल नोंदणारा गाव नमुना नंबर ६. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात फेरफारांची साखळी साधारण शंभर वर्षे मागे नेता येते. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक छापलेले असतात. त्यांतला सर्वांत जुना काढायचा. त्यात त्याच्या आधीच्या क्रमांकाचा धागा मिळतो, आणि असे मागे मागे जायचे. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. आधी तिथे बघा, खेप वाचेल.

वारसाची नोंद कशी वाचायची, हे नमुन्यावरून सांगतो (नावे काल्पनिक):

'वर्दी दिली वरून. खातेदार सखाराम रामजी हे मयत. वारस मुलगे १) गणपत २) बाबू, अज्ञान, अ. पा. क. आई भागीरथी कोम सखाराम. याखेरीज अन्य वारस नाहीत.'

चार ओळींत बरेच काही आहे. सखारामाचा बाप रामजी. बायको भागीरथी, कारण 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाबूच्या वतीने आईचे नाव लागले, अर्थात बाबू तेव्हा अठराच्या आतला होता आणि त्याच्या जन्माचा काळ आवळता येतो. मात्र फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वर्दी पाच-दहा वर्षांनीही दिली जाई, कधी तर जमीन विकायची वेळ आल्यावरच. 'अन्य वारस नाहीत' यावरून मुली नव्हत्या असेही समजू नका. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत मुलगे असताना मुलींची नावे सहसा लागतच नसत. भावांपैकी एकाच्याच नावापुढे 'ए. कु. मॅ.' दिसले तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे भाऊ हयात असूनही कागदावर दिसत नाहीत, आणि 'आमचे पणजोबा एकुलते एक' असा गैरसमज बहुतेक घरांत इथूनच शिरतो.

अर्ज करताना 'रामजींचे सर्व कागद द्यावेत' असे लिहिले की 'आढळ होत नाही' असे उत्तर येते. यात लबाडी असतेच असे नाही. अभिलेख कक्षात गठ्ठे गावाप्रमाणे आणि नमुन्याप्रमाणे लावलेले असतात, माणसाच्या नावाने नसतात. म्हणून अर्जात गाव, तालुका, नमुना क्रमांक आणि वर्षे लिहा, आणि एका अर्जात पाच-सात वर्षेच मागा. आधी पाहणीचा अर्ज करून वही डोळ्यांखाली घाला आणि हव्या त्याच पानांची नक्कल घ्या. अर्ज नुसताच पडून राहिला तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच.

सातबाऱ्यावरून मागे जाताना गट नंबरापाशी अडलो. त्याच्या आधीचे काहीच जुळत नाही. — एक वाचक, मिरज

एकत्रीकरण झाले असणार. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पडले. हे काम पुढे कित्येक वर्षे चालले, त्यामुळे प्रत्येक गावाचे साल वेगळे आहे. जुन्या वहीत आजचा गट नंबर शोधून काही मिळायचे नाही. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कचेरीत गट नंबर आणि जुना सर्व्हे-हिस्सा नंबर यांचा मेळ दाखवणारा तक्ता असतो. शिवाय एकत्रीकरणाचा जबाबही असतो. दोन्ही मागा. जबाबावर खातेदाराची सही किंवा अंगठा असतो. पूर्वजाच्या हाताची खूण मिळण्याचे हे एक दुर्मीळ ठिकाण.

जुना नंबर कळला की सर्व्हेच्या काळातल्या शेतवार पत्रकापर्यंत (कोणते शेत कुणाकडे, याची यादी) आणि आकारफोडीपर्यंत (हिश्श्यांवर सारा वाटून दाखवणारा तक्ता) जाता येते.

आमच्याकडे जमीनच नव्हती. मग आम्हाला वंशावळ नाही का? — एक वाचक, फलटण

आहे, फक्त ती दुसऱ्या वह्यांत आहे. वतन असेल तर उलट जास्त चांगली सापडते. महार, रामोशी, कुलकर्णी, पाटील या वतनांत पाळी आणि हिस्सा ठरवायचा असल्याने कोण कुणाचा मुलगा हे लिहूनच ठेवावे लागे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा झाली आणि जमिनी वतनदारांना परत देताना हिस्सेदारांच्या याद्या झाल्या. तहसील कचेरीत वतनाच्या नोंदवह्या आणि हे रीग्रँटचे कागद मागा.

पूर्वज दुसऱ्याच्या जमिनीत कूळ असतील तर पीकपाहणीच्या रकान्यात नाव मिळेल. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (कसणाऱ्या कुळाला मालक मानले तो दिवस) कूळकायद्याच्या कलम '३२ ग' ची चौकशी झाली, त्या फायलीत कुळाचा जबाब आणि मयत कुळाच्या वारसांची नावे असतात. हे कागद फार कमी लोक बघतात. आमच्या मते भूमिहीन आणि कुळांच्या घराण्यांसाठी यांहून चांगले साधन नाही.

बलुतेदारांसाठी शाळेचे रजिस्टर आणि नमुना १४ आहेतच. या दोन्ही वह्यांत जमीन असणे-नसणे याला काही अर्थ नाही.

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात म्हणतात. ती कशी बघायची आणि त्यांवर किती विश्वास ठेवावा? — एक वाचक, पुणे

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण, काशी, गया, हरिद्वार या क्षेत्रांत उपाध्यायांच्या घरी यजमानांच्या वह्या आहेत. वाटणी आडनाव, मूळ गाव आणि जात यांवर झालेली असते. म्हणून जाताना मूळ गाव हवेच, तेही जुन्या परगण्या-तालुक्यासकट. 'आम्ही पुण्याचे' म्हणालात तर वही उघडणारच नाही. पुण्याला कोण कुठून आले, याची वही नसते.

उपाध्यायांच्या घरातही वाटण्या होतात आणि वह्या भावाभावांत जातात. एका घरी 'नाही' म्हणाले तर 'तुमच्या भाऊबंदांत आमचा गाव कुणाकडे?' हे विचारून पुढच्या घरी जा. कुंभमेळा आणि पितृपंधरवडा टाळा, त्या दिवसांत कुणाला वही सोडायला फुरसत नसते. दक्षिणा द्या, फोटो विचारून घ्या. वही घराबाहेर नेऊ देतील अशी अपेक्षा ठेवू नका.

विश्वासाचे म्हणाल तर एकाच पानावर दोन प्रकारचा मजकूर असतो. यात्रेला आलेल्याने स्वतः लिहिलेले किंवा त्याच्यासमोर लिहिलेले नाव, बापाचे नाव, भाऊ, मुलगे, तिथी आणि सही हा पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. पुढे कुणी तरी त्यावरून जोडून लिहिलेली 'पूर्वीची पिढी' हा दुसऱ्या प्रतीचा. शाई आणि हस्ताक्षर बघून दोन्ही वेगळे काढा आणि आपल्या वहीतही वेगळेच लिहा. एक लक्षात ठेवा: मागे राहिलेला, यात्रेला कधीच न आलेला भाऊ तिथे नसण्याचीच शक्यता जास्त.

आमच्याकडे हेळवी येतो, मामांकडे भाट यायचा. त्यांच्या चोपड्या ग्राह्य धराव्यात का? — एक वाचक, कोल्हापूर

अलीकडच्या पाच-सहा पिढ्यांपुरत्या जरूर धरा. वंशावळ राखणारा हेळवी किंवा भाट दर काही वर्षांनी दारी येऊन नवी नावे चढवतो, म्हणजे नोंद त्या त्या काळी झालेली असते. कुठला भाऊ कोणत्या गावी जाऊन राहिला, हे तर त्यांच्याइतके नीट कुणीच सांगत नाही. पण चोपडी मागे जात जात सूर्यवंशाला किंवा एखाद्या राजघराण्याला भिडली की तिथे पेन्सिल खाली ठेवा. तो भाग यजमानाला खूश करायला रचलेला असू शकतो, आणि त्याला दुसऱ्या कागदाचा आधार मिळत नाही.

एका मोडी कागदावर 'सु॥ खमस सितैन मया व अलफ' असे वाचून दिले आहे. हे कोणते साल? — एक वाचक, वाई

मराठी दप्तरांत चालणारा सुहूर सन आहे. आकडे अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने, आधी एकक मग दशक, असे लिहितात. खमस ५, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, बेरीज ११६५. सुहूरात ५९९ मिळवले की वर्ष जिथे सुरू होते ते इसवी साल मिळते, म्हणजे १७६४. वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालते. तेव्हा कागद १७६४ च्या जूनपासून १७६५ च्या जूनपर्यंतचा. पानिपतानंतरची, थोरल्या माधवरावांची कारकीर्द.

बाकीचे शब्द हाताशी ठेवा: अहद किंवा इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०, मयातैन २००. सबा आणि सबैन, समान आणि समानीन यांत गफलत झाली की कागद साठ-सत्तर वर्षांनी हलतो आणि पणतू पणजोबाच्या जागी जाऊन बसतो. मोडी वाचणाऱ्याने लिप्यंतर करून दिले असले तरी हा शब्द मूळ कागदावर स्वतः पडताळून घ्या.

तारखेच्या जागी 'छ १२ सफर' असे काही असेल तर 'छ' म्हणजे चंद्र, अर्थात मुसलमानी महिन्याची तारीख. महिने चांद्र आणि सुहूर वर्ष सौर असल्याने एकाच वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस तोच महिना दोनदा येऊ शकतो. तेव्हा वार किंवा हिंदू तिथी दिली असेल तर जंत्रीत (जुन्या तिथी-तारखांच्या कोष्टकात) बघून कोणता ते ठरवावे.

शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९.

मोडी स्वतः शिकायची असेल तर बाराखडी थोड्या आठवड्यांत येते, कागद वाचायला मात्र सराव लागतो. शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि 'बिन' आणि 'वलद' (दोन्हींचा अर्थ अमक्याचा मुलगा), 'मौजे', 'मजकूर', 'साल मजकूर' हे नेहमीचे शब्द आखूड करून लिहितात. जुन्या खतांचे मायने ठरीव असतात. दहा खरेदीखते ओळीने वाचली की अकराव्याचा अर्धा मजकूर आधीच ठाऊक असतो. मग फक्त नावे आणि आकडे यांवर डोळा ठेवायचा. पुण्याचे पेशवे दप्तर, कोल्हापूरचे पुराभिलेखागार आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९१० मध्ये स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ येथे मोडीचा मोठा साठा आहे. परंतु पेशवे दप्तरात सामान्य रयतेचे नाव शोधायला थेट जाऊ नका. घराण्याला इनाम, वतन किंवा सरकारी चाकरी होती असा दुसरा धागा हाती असेल तरच तिथे वेळ घाला.

आमचे गाव बीड जिल्ह्यात. जुने कागद उर्दूत आहेत आणि सालही कळत नाही. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

निजामाच्या राज्यात फसली सन चाले आणि शेवटच्या काळात तो ६ ऑक्टोबरला सुरू होई. फसलीत ५९० मिळवा: फसली १३४३ म्हणजे ६ ऑक्टोबर १९३३ ते ५ ऑक्टोबर १९३४. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी फारसी असतात. उर्दू वाचणारा शोधताना शिकस्ता वळण वाचता येते का, हे विचारून घ्या. छापील उर्दू वाचणाऱ्याला कचेरीतले हस्ताक्षर लागतेच असे नाही. मराठवाड्यात देवनागरीतली साखळी १९५४-५५ च्या खासरा पाहणीपासून (शेतवार कब्जाची नोंद) नीट मिळते. आधी तिथपर्यंत उलटे या, मग उर्दूत शिरा. वरच्या पातळीवरचे निजामी दप्तर हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहे.

पणजीचे माहेर कसे शोधावे? घरात कुणालाच तिचे मूळ नावसुद्धा सांगता येत नाही. — एक वाचक, ठाणे

सगळ्या प्रश्नांत अवघड हाच. लग्नात नाव बदलले, माहेरच्या कागदात ती 'मुलगी' एवढीच राहिली आणि सासरच्या कागदात 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणून आली. तरी चार ठिकाणे आहेत.

श्राद्धाची वही हे पहिले. ज्या घरांत श्राद्ध विधिपूर्वक होत होते तिथे बाप-आजा-पणजा यांच्याबरोबर मातामह, मातृपितामह आणि मातृप्रपितामह, म्हणजे आईच्या बाजूचे तीन पुरुषही नावा-गोत्रासकट उच्चारले जातात. तुमच्या आजोबांनी केलेल्या श्राद्धात त्यांच्या आईचा, म्हणजे तुमच्या पणजीचा, बाप, आजा आणि पणजा येतो. उपाध्यायांना किंवा चुलत घराण्याला विचारा, अशी टिपणे पोथ्यांच्या बासनात सापडतात.

दुसरे, हक्कसोड पत्र. १९५६ नंतर बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असतात. त्यांत तिचे सासरचे नाव, नवऱ्याचे नाव आणि माहेरचा बाप तिन्ही एका ओळीत येतात. पणजी त्याआधी वारली असेल तर तिच्या धाकट्या बहिणींचा असा दस्त मिळतो का बघा.

तिसरे, पहिले बाळंतपण. ते माहेरी होई, म्हणून थोरल्या मुलाची जन्मनोंद बापाच्या गावी नसून आजोळी असते. आजोबा किंवा त्यांचा थोरला भाऊ नमुना १४ मध्ये सापडत नसेल तर हेच कारण असण्याचा संभव फार.

चौथे, माहेरचे आडनाव कळले पण गाव कळले नाही तर त्या आडनावाचा छापील कुळवृत्तांत. चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ अशा बऱ्याच घराण्यांचे निघालेले आहेत. त्यांत मुलीच्या नावापुढे तिचे सासर दिलेले असते. छापले म्हणजे खरे असे मात्र नाही. कुळवृत्तांतातली माहिती घरोघरी पत्रके पाठवून जमवलेली असते, आणि ज्यांनी पत्रक भरून पाठवले नाही त्यांची शाखा 'निर्वंश' दिसते.

आमचे घराणे मूळ गोव्याचे. तिकडे काय वेगळे? — एक वाचक, बेळगाव

नोंदणी फार चांगली, म्हणून काम सोपे. पोर्तुगीज अमलात १९१४ पासून जन्मनोंदणी सर्वधर्मीयांना लागू झाली आणि त्या नोंदीत आई-बापांखेरीज दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे असतात. नुसता जन्मदाखला मागू नका. संपूर्ण नोंदीची नक्कल मागा, तिला तिथे 'तेओर' म्हणतात. एका कागदात तीन पिढ्या येतात. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या वह्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच पणजी शहरातल्या पुराभिलेखागारात ठेवल्या आहेत. हिंदू घराण्यांनी कुलदेवतेच्या देवस्थानातली महाजनांची, म्हणजे वंशपरंपरेने हक्कदार असलेल्या घराण्यांची, यादी बघावी. सोळाव्या शतकात मंगेशी कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून अंत्रूज महालात हलवली गेली. त्यामुळे देवस्थान फोंडा तालुक्यात असले तरी या दोन्ही देवतांच्या घराण्यांचे मूळ गाव जुन्या साष्टीत, म्हणजे आजच्या मुरगाव तालुक्याकडे, शोधायचे.

आम्ही मॉरिशसचे मराठी. खापरपणजोबा रत्नागिरीकडून आले एवढे ऐकून आहोत. — एक वाचक, व्हाकोआ

तुमचे काम मोका येथील महात्मा गांधी संस्थेपासून सुरू होते, कारण गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांच्या नोंदवह्या तिथे आहेत. १८३४ पासून आलेल्या मजुराला क्रमांक दिला जाई आणि पुढे त्याच्या मुलांच्या जन्मनोंदींत, लग्नात, जमीनखरेदीत तो क्रमांक येत राहतो. नाव शोधू नका, क्रमांक शोधा. तुमच्या घरातल्या सर्वांत जुन्या जन्म किंवा विवाह नोंदीत बापाच्या नावाजवळ आकडा असेल तर तोच. नोंदवहीत जहाज, आल्याची तारीख, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव हे रकाने आहेत. १८६०च्या दशकापासून छायाचित्रेही आहेत.

गावाचे नाव इंग्रज-फ्रेंच कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले आहे. ते मोठ्याने वाचा, मग कोकणातल्या गावांच्या यादीशी ताडून बघा. मुंबई हे बंदर होते. रकान्यात मुंबई दिसली म्हणजे माणूस मुंबईचा असे नव्हे. 'रत्नागिरी' असेल तर आजचा सिंधुदुर्गही धरा, तो १९८१ मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी मात्र तेव्हा निराळे संस्थान होते. गाव ठरल्यावर त्या गावच्या ग्रामदेवतेच्या मानकऱ्यांत तुमचे आडनाव किंवा कुळ आहे का, हे विचारणे कचेरीआधी करा. कोकणात मानपानाच्या क्रमात शाखा अजून जिवंत असतात.

पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले, परत आले नाहीत. — एक वाचक, सातारा

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोध आहे. नाव, हुद्दा, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका मिळतो. मराठ्यांचे स्पेलिंग तिथे जुन्या पद्धतीने आहे, एक 'एच' जास्त घालून शोधा. आडनाव सहसा नसते, म्हणून पलटण आणि गाव यांनी गाळा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या, जो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. त्यानंतरची तारीख असेल तर कैदेत मृत्यू झाल्याची शक्यता तपासा. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावे कोरलेली नव्हती, पलटणवार आकडे होते. स्मारकाच्या फोटोत नाव नाही म्हणून निराश होऊ नका. गावच्या चावडीवर किंवा शाळेत 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले' अशी दगडी पाटी आहे का, तेही बघा.

डीएनए तपासणीने वंशावळ निघेल का? — दोन वाचक

वंशावळ निघत नाही. नातेवाईक निघू शकतो, तोही त्याने त्याच कंपनीत तपासणी केली असेल तर. पणजोबांचा सरासरी साडेबारा टक्के अंश आपल्यात येतो, एक पिढी मागे सव्वासहा टक्के, आणि पुढे झपाट्याने कमी होतो. आपल्याकडे तपासणी केलेले लोक थोडे, म्हणून जुळणीही थोडी. पैसे आधी नकलांवर खर्च करा.

घरात मोडी कागदांचे बासन निघाले आहे. कडा झिजल्यात, काही चिकटलेत. काय करावे? — एक वाचक, सासवड

लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात वाळवू नका. चिकटलेले कागद ओढून सोडवायला गेलात तर शाईचा थर दुसऱ्या कागदावर जातो. ते तसेच ठेवून पुराभिलेखागारातल्या जतन करणाऱ्यांना दाखवा. सुटे कागद ज्या क्रमाने बासनात आहेत त्याच क्रमाने पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात लहान आकडा घालून ठेवा, कारण बिनतारखेचा कागद कोणत्या दोन कागदांमध्ये होता यावरून त्याचा काळ लागतो. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून काढा. दोन्ही बाजूंचे काढा, पाठीवरच्या शेऱ्यात पुष्कळदा नाव आणि साल असते. नंतर धुतलेल्या, रंग नसलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली नाही ना, ते बघा.